बडीशेपेला मातीची भर

तुमच्या आईने तुम्हाला ही गोष्ट हसत हसत सांगितली असणार. "तुमच्या आजीनं एका भाजीसाठी अख्ख्या सोसायटीशी भांडण केलं." गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं भावंडं त्यावरून खूप हसलात, आणि तुमच्याकडे परदेशात ती भाजी दुकानात ढिगाने पडलेली असते, कोणी तिच्याकडे बघतसुद्धा नाही, असंही म्हणालात. असेल पडलेली. मी सुरतेत ती लावली तेव्हा आमच्या गल्लीत ती कोणी पाहिलेली नव्हती. आणि भांडण भाजीसाठी नव्हतंच. ते घरामागच्या जमिनीसाठी होतं. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे. तुमच्या आईलाही वाचायला द्या. तिला आवडलं नाही तरी चालेल.

तुमच्या आजोबांची बँकेतून सुरतेला बदली झाली आणि पुढे आम्ही तिथेच घर घेतलं. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांची सोसायटी होती. पुढे स्कूटर लावण्याइतकी जागा, मागे वाडा. वाडा म्हणजे देशावरचा चौसोपी वाडा नव्हे. सुरतेत घरामागच्या मोकळ्या जागेला वाडो म्हणतात, आम्हीही वाडा म्हणू लागलो. दोन खाटा टाकल्या तर चालायला जागा उरणार नाही, एवढा तो होता. मी सकाळी शाळेत इंग्रजी शिकवायची, दुपारी वह्या तपासायची, संध्याकाळी स्वयंपाक. या तिन्हींत माझ्या मनाप्रमाणे काही होत नसे. वाड्यात होत असे. मी तिथे पेरलेलं तिथेच उगवायचं आणि मधे कोणाचं मत पडायचं नाही.

मग प्लेग आला. त्याबद्दल तुम्ही शाळेत वाचलं नसेल. अर्धं शहर पळालं. स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती, कामरेजकडचा हमरस्ता गाड्यांनी भरला होता. तुमच्या आजोबांना शाखा सोडता येत नव्हती, म्हणून आम्ही राहिलो. आमच्या उजव्या हाताची शेजारीण नवऱ्याला आणि मुलांना घेऊन अकोल्याला माहेरी गेली. सरकारी कचेरीतल्या माणसाची बायको. जाताना तिने मला नुसतं "येतो आम्ही" म्हटलं. परतली तेव्हा ती दुसरीच बाई झाली होती. रोज सकाळी उंबऱ्यावर पांढऱ्या पावडरची रेघ ओढायची. चिचुंद्री दिसली तरी किंकाळी फोडायची. तिची भीती खरी होती, हे मी तेव्हाही मानत होते. पण त्या भीतीला माझ्या घराचा पत्ता तिनेच दिला, हे मी विसरलेली नाही.

प्लेगनंतर शहर झपाट्याने स्वच्छ झालं. गटारं उपसली, उकिरडे गेले, सकाळी रस्ते धुतलेले दिसू लागले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या सोसायटीच्या कमिटीला त्या स्वच्छतेची झिंग चढली. त्यांनी ठराव केला की प्रत्येकाने मागच्या वाड्यात सिमेंटचा कोबा करून घ्यायचा. माती नाही तर बीळ नाही, बीळ नाही तर उंदीर नाही. एकेक घर करत गेलं. कढीपत्त्याची झाडं तोडली, अळूची आळी बुजवली, तुळशी कुंडीत गेल्या. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर पाहिलं तर सगळ्या रांगेत माती उघडी असलेला वाडा एकच राहिला होता, आमचा. आम्हाला उत्तरायणापर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, मुदत मिळाली.

त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ विलायतेहून येताना बियांचं एक पाकीट घेऊन आला. वर चित्र होतं. पांढरा, फुगलेला, पाकळ्यांसारख्या थरांचा गड्डा आणि वर शेपूसारखी झुपकेदार पानं. गड्ड्याची बडीशेप. आपण बडीशेपेचे दाणे खातो, ते लोक तिचा बुंधा खातात. पाकिटावरच्या सूचना मला तोंडपाठ झाल्या, पण महिने सगळे त्यांच्या देशाचे. त्यांच्या उन्हाळ्यात पेरायची वस्तू आपल्या उन्हाळ्यात पेरली तर ती जीव वाचवायला लगेच फुलावर जाते, आणि एकदा फुलावर गेली की गड्डा धरत नाही. मी नवरात्र संपेपर्यंत थांबले. आमची माती काळी, पाण्याने चिकट होणारी आणि वाळली की भेगाळणारी. तापीची वाळू मिसळली, कामरेजच्या बाजूच्या एका शेतातून शेणखताचं पोतं आणवलं. बी जागच्या जागी पेरलं, कारण हे रोप उपटून दुसरीकडे लावलं की रुसतं. उगवल्यावर विरळणी केली. रोज संध्याकाळी पाणी. एक दिवस चुकवला नाही.

थंडी पडू लागली तसा बुंधा सुटायला लागला. तो अंड्याएवढा झाला की त्याच्याभोवती माती चढवायची असते, जशी आपण बटाट्याला भर देतो तशी. ऊन लागलं नाही की तो पांढरा आणि कोवळा राहतो. मी खाली बसून एकेका रोपाला नीट भर दिली. रांगेत सारख्या अंतरावर मातीचे छोटे छोटे ढीग झाले.

भिंतीपलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि वर शेजारणीचं डोकं आलं.

"काय करून राहिल्या मॅडम?"

"बडीशेपेला भर देते आहे."

"बडीशेपेले कोणी भर देते का? माझ्या माहेरी शेती आहे. मी जन्मात नाही पाहिलं." तिची नजर ढिगांवरून फिरली. "हे ढीग मी ओळखते. घूस असेच ढीग काढते."

"घुशीने काढलेला ढीग असता तर बाजूला बीळ दिसलं असतं. दिसतंय का?"

"बीळ खाली राहते. घूस काय दारावर पाटी लावून बसते का, एम.ए. म्हणून?"

आमच्या फाटकावर माझ्या नावाखाली पदवी लिहिलेली होती. ती पाटी तिला पहिल्या दिवसापासून खुपत होती. मी म्हटलं, "तुम्ही खाली उतरा. पडाल."

"पडली तर तुमच्या घुशीवरच पडीन," म्हणून ती उतरली.

घूस तुम्ही पाहिलेली नाही. मांजराएवढा उंदीर समजा. जमीन पोखरते आणि भुसभुशीत मातीचा ढीग बाहेर टाकते. तो ढीग आणि मी घातलेली भर, भिंतीवरून बघितलं तर खरंच सारखी दिसतात. इतर कुठल्या गावात ती सारखी दिसली असती तर कोणाचं काही अडलं नसतं. सुरतेत, त्या वर्षी, मातीचा ढीग हा शब्दसुद्धा पुरेसा होता. दोन दिवसांत गल्लीत सगळ्यांना कळलं की मॅडमच्या वाड्यात घुशी आहेत. दूधवाला फाटकाबाहेरून पिशवी टाकू लागला. समोरच्या घरांतल्या बायकांनी मुलांना आमच्या दारात यायची बंदी केली. ज्या बायका मला रोज मुलांचे निबंध तपासायला द्यायच्या त्याच.

मी त्यांच्या घरी जाऊन समजावलं नाही. समजावायला हवं होतं असं तुमची आई म्हणते. कशासाठी? ज्यांना बघायचं होतं त्यांना फाटक उघडं होतं.

त्या आठवड्यात एकदा जेवताना तुमचे आजोबा पानाकडे बघत म्हणाले, "मी मंत्र्यांना हो म्हटलंय."

सोसायटीच्या सेक्रेटरीला तिकडे मंत्री म्हणतात. आमचे मंत्री जरीचा धंदा करणारे, वयाने मोठे, गोड बोलून काम करवून घेणारे.

"कशाला हो म्हटलंत?"

"कोब्याला. संक्रांत झाली की गवंडी येईल. गोडादऱ्याच्या वस्तीत राहतो, मूळचा आपल्याच मराठवाड्यातला. चांगलं काम करतो."

"मला विचारलं होतंत?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे उत्तर ठाऊक होतं."

"हे बघ, आपण परक्या मुलखात राहतो. चार लोकांशी गोडीनं राहावं लागतं."

"चार लोकांशी राहा ना गोडीनं. पाचवी मी आहे."

त्यांनी आमटीची वाटी सरकवली. "भाजी बाजारात मिळते. त्यासाठी एवढं काय?"

"घर माझ्या नावावर आहे."

ते हसले. अगदी मनापासून हसले, लहान मुलाने मोठा शब्द वापरला की हसतात तसे. "ते कर वाचवायला, बाई. राज्य करायला नाही."

तुमची आई तेव्हा कॉलेजात होती. तीही हसली. ती सुरतेत वाढलेली, अर्धं गुजराती बोलायची. "आई, जवा दे ने," म्हणाली. जाऊ दे ना. मी पानावरून उठले. तुमचे आजोबा आता नाहीत, आणि गेलेल्या माणसाबद्दल मऊ लिहावं अशी रीत आहे. पण ते हसणं मला आजही ऐकू येतं आणि आजही राग येतो, तर मऊ कसं लिहू?

खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत घर माझ्या नावावर असणं मलाही कागदापुरतंच वाटत होतं. बँकेतले बरेच लोक घर बायकोच्या नावावर घेत आणि बायका दाखवाल तिथे सही करून परत पोळ्या लाटायला जात. मीही तशीच सही केली होती. त्यांनी हसून ती गोष्ट मला खरी करून दिली.

पुढच्या रविवारी सकाळी मंत्री आले, बरोबर कमिटीचे दोघे. एकाच्या हातात पहार होती. शेजारीण स्टुलावर चढून भिंतीवर कोपर टेकून तयार होती. तुमचे आजोबा पायजमा सोडून पँट घालून आले आणि मला म्हणाले, "चहा टाक."

"तुम्हीच टाका."

त्यांनी टाकला. त्या घरात त्यांनी स्वतः केलेला तो पहिला चहा असेल.

"बेन, फरियाद आवी छे," मंत्री म्हणाले. तक्रार आली म्हणजे बघायला तर हवं ना, असं. त्यांनी वाकून एक पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं आणि चेहरा उजळला. "आ तो वरियाळी! बेन, वरियाळी छे आ तो."

त्यांना बडीशेप ओळखू आली. मला वाटलं, इथे संपलं.

भिंतीवरून आवाज आला, "काका, सौंफ को कभी प्याज लगता है क्या? नीचे देखो, नीचे!" गुजराती मंत्र्यांशी ती हिंदीत बोलायची. "ऊपर पत्ता लगा के नीचे चूहा पाल रहे हैं ये लोग."

"चूहा नाही, तुम्ही घूस म्हणाला होतात," मी मराठीत म्हटलं.

"घूस म्हणा, काही म्हणा. माझ्या लेकरायचा जीव आहे मॅडम. तुमची भाजी मोठी का माझी लेकरं मोठी?"

याला उत्तर नसतं. म्हणूनच ते विचारतात. मंत्र्यांचा उजळलेला चेहरा परत कमिटीचा झाला. त्यांनी पहारवाल्याला खूण केली.

मी म्हटलं, "माती हातानं बाजूला करून दाखवते. खाली फक्त गड्डा आहे." खुरपं घेऊन पहिल्या रोपाची भर काढली. पांढरा, मुठीएवढा, स्वच्छ गड्डा. अजून भरायचा होता. त्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि कोणालाच तो दिसला नाही. पहारवाला म्हणाला की बीळ खोल असतं, हातानं कळणार नाही. आणि त्याने पहार घातली.

पहार मऊ मातीत सहज गेली. गड्डा उभा चिरला. वाड्यात एकदम बडीशेपेचा वास दरवळला, जेवणानंतर मुखवासाची डबी उघडल्यासारखा. त्याने दुसऱ्या ढिगात पहार घातली. बीळ नाही. तिसऱ्यात. बीळ नाही. तो मान हलवायचा आणि पुढे सरकायचा, आणि दर खेपेला भिंतीवरून "अजून पुढे, अजून पुढे" येत होतं. तुमचे आजोबा चहाचा ट्रे धरून दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ट्रेकडे पाहिलं.

अर्धी रांग झाली तेव्हा मी पहार धरली. हातांनी, मधोमध.

"बास."

"बेन, हवे थोडुंज छे," तो म्हणाला. आता थोडंच राहिलंय.

"एवढ्या ढिगांखाली काय आहे ते तुम्ही पाहिलंत. घूस नाही. आता जा."

मंत्री समजुतीच्या सुरात म्हणाले, ठीक आहे, घूस नाही, आनंद झाला. पण कोबा तर करायचाच आहे. सगळ्यांनी केला. नियम एटले नियम. आणि साहेबांनी होकार दिलेला आहे. "साहेबे तो हा पाडी छे."

माझं गुजराती मोडकं होतं. बाजारात भाव करण्यापुरतं. पण ते वाक्य मी आठवडाभर मनात जुळवत होते. "साहेब आ घरना मालिक नथी," मी म्हटलं. "मालिक हुं छुं. मने कोईए पूछ्युं नथी." या घराचे मालक साहेब नाहीत, मी आहे, मला कोणी विचारलेलं नाही.

मग पहारवाला "ल्यो!" म्हणून हसला. घर माझ्या नावावर आहे हे मंत्र्यांना नवीन नव्हतं. सोसायटीच्या सगळ्या पावत्या तेच माझ्या नावाने फाडत होते. त्यांनी तुमच्या आजोबांकडे बघितलं. आजोबा मराठीत, फक्त मला ऐकू येईल असं, दात आवळून म्हणाले, "घरात बोलू आपण."

"इथेच बोलू. हे घरच आहे."

"तो तमे ना पाडो छो?" मंत्र्यांनी मला विचारलं. पहिल्यांदाच मला.

"हा. ना पाडुं छुं." हो. मी नकार देते.

मंत्र्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. एकदा जरी घूस दिसली तर कोबा त्याच दिवशी, असं बजावून ते निघाले. चहा कोणी प्यायला नाही. भिंतीवरून शेजारीण म्हणाली, "चार माणसांत नवऱ्याचं नाक कापलं. हे शिकवते का तुमची एम.ए.?"

"नाक त्यांचं आहे," मी म्हटलं. "जमीन माझी आहे. तुम्ही आता माझ्या जमिनीत बघू नका."

चिरलेली रोपं मी त्याच दिवशी उपटली. उरलेल्यांना परत भर दिली. मुळं हलली होती. काही फुलावर गेली, ती काढून टाकली. शेवटी जी राहिली ती संक्रांतीच्या सुमारास तयार झाली. सगळी गल्ली गच्चीवर पतंग उडवत असताना मी खाली वाड्यात बसून ती काढली. पातळ चिरून मीठ-लिंबू लावलं, थोडी तुरीच्या वरणात घातली. तुमच्या आईने तीन काचऱ्या खाल्ल्या आणि चांगली लागते म्हणाली. ती हे तुम्हाला सांगत नसेल. तुमच्या आजोबांनी बशी लांब सारली.

"पानाच्या ठेल्यावर जेवायला बसल्यासारखं वाटतं."

"मग ठेल्यावर जा."

ते गेले नाहीत, पण त्यांनी ती खाल्लीही नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्या वर्षी हळदीकुंकवाची बोलावणी देत शेजारीण आमच्या डावीकडच्या घरी गेली आणि पुढच्या घरी गेली. बाकीच्या मराठी बायकांनीही तेच केलं. आमच्या फाटकापाशी चपला वाजायच्या आणि पुढे निघून जायच्या. तुमचे आजोबा त्या दिवसापासून वाड्यात पाय ठेवेनासे झाले. आंघोळीचा ओला टॉवेलही ते पुढच्या जाळीवर वाळत घालायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. सोसायटीच्या सभेला मात्र त्यानंतर मीच जात होते. मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळायची आणि शेजारच्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही.

एवढं सगळं होऊन मी कुठे चुकले असं तुम्हाला वाटतं का, हे मी विचारत नाही. तुमच्या आईला वाटतं. तिच्या मते माणसं गमावली आणि माती मिळाली. मी म्हणते, ती माणसं ज्या किमतीला मिळत होती ती किंमत मला मान्य नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात भावाने पुन्हा बी पाठवलं. या वेळी मी एक रांग न करता अख्खा वाडा पेरला, शेजारणीच्या भिंतीला लागेपर्यंत. आणि भर द्यायची वेळ आली तेव्हा भिंतीलगतच्या रोपांना जरा जास्तच माती चढवली, तिला स्टूल न लावता दिसतील एवढे उंच ढीग.